तीन तिर्र्यांचा कॅट

मी बोलतोय तो ऐंशी पानांचा एक कॅट. पत्त्यांचाच, पण टॅरोच्या पत्त्यांचा. ज्यांना यातलं थोडंफार कळतं त्यांच्या भुवया आत्ताच वर गेल्या असतील, कारण टॅरोच्या कॅटात पानं असतात अठ्ठ्याहत्तर. बरोबर आहे तुमचं. छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मीही अठ्ठ्याहत्तरच होतो. दोन पानं मला नंतर येऊन चिकटली, आणि ती कशी चिकटली हे सांगायलाच मी आज तोंड उघडलंय.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. मला उद्याचं काही कळत नाही. मी कागद आहे. जाड, गुळगुळीत, रंगीत चित्रांचा, पण शेवटी कागदच. मला कळतं ते हातांचं. पिसणारा हात घामेजलाय की गार पडलाय, उतावीळ आहे की उगीच वेळ काढतोय, हे मला पहिल्या पिसणीतच समजतं. पण ते कुणी मला कधी विचारत नाही.

छापखान्यात माझे कोपरे गोल कापले, पाठीवर निळ्या रंगावर बारीक चांदण्या छापल्या आणि सेलोफेनमध्ये गुंडाळून मला स्टेशनरीच्या एका दुकानात पाठवून दिलं. तिथे कंपासपेट्या आणि वाढदिवसाची भेटकार्डं यांच्यामध्ये मी दीड वर्ष उभा होतो. लोक मला हातात घेत, मागे-पुढे बघत आणि परत ठेवून देत. एकदा एका गृहस्थांनी मला उचलून माझ्या जागी चष्मा ठेवला आणि मला खिशात घालून निघाले होते. दुकानदारानं हाक मारली म्हणून वाचलो.

मग मेट्रनबाई आल्या. एका मोठ्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षं नोकरी करून नुकत्याच निवृत्त झालेल्या, चाल अजून वॉर्डातलीच. नात सुट्टीला यायची होती, तिच्याबरोबर पत्ते कुटायला म्हणून त्यांनी मला घेतलं. पाकीट वाचायची तसदी घेतली नाही. घरी नातीनं मला उघडलं आणि भोकाड पसरलं, "आजी, यात बदामच नाहीत! आणि हा माणूस उलटा का टांगलाय?"

मेट्रनबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं. "टांगलाय कुठे? पायाला ट्रॅक्शन लावलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मला दुकानात परत करायला म्हणून त्या निघाल्या. वाटेत टेलरकडे टाकलेला कोट घ्यायचा होता. तो बुधवार होता. दुकान बंद, पण शटर अर्धं वर आणि आत चहा चाललेला. इस्त्रीच्या लांब टेबलाभोवती तिघं बसली होती. त्यांची ओळख करून देतो, कारण पुढची सगळी भानगड याच तिघांची आणि मेट्रनबाईंची.

दुकान वहिनींचं. माप घेणं, कापणं आणि मशीन त्यांच्याकडे. गळ्यात टेप, बोटांना कायम निळा खडू. त्यांचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या नणंदबाई. काजं, बटणं, तुरपाई, अस्तर, सगळं हातकाम त्यांचं. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिल्या आणि भाऊ गेल्यावर भावजयीबरोबर राहिल्या. वहिनी त्यांना वन्सं म्हणायच्या, म्हणून गिऱ्हाइकंही वन्सं म्हणू लागली, होता होता त्या साऱ्या गल्लीच्या वन्सं झाल्या. तिसरे क्लचकाका. शेजारीच त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल. 'क्लच, क्लच, क्लच दाबा!' हे त्यांचं ओरडणं तीन दुकानांपलीकडे ऐकू जायचं, त्यामुळे खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मेट्रनबाईंनी माझी फजिती सांगितली आणि मला टेबलावर ओतलं. चहा दोनदा झाला, तिसऱ्यांदा झाला, कोट न्यायचा राहून गेला. मला परत करायचंही राहून गेलं.

असा आमचा बुधवार सुरू झाला. दर बुधवारी दुपारी तीन वाजता, सुट्टीच्या दिवशी, अर्ध्या शटरआड. माझ्याबरोबर आलेल्या छोट्या पुस्तकात प्रत्येक पानाचा अर्थ दिला होता, पण मेट्रनबाईंनी पहिल्याच दिवशी शिस्त लावली. आधी चित्रात काय दिसतंय तेवढंच बोलायचं, एक जण बोलत असताना दुसऱ्यानं नाक खुपसायचं नाही आणि पुस्तक सगळ्यात शेवटी उघडायचं.

आणि काय एकेकाचं दिसणं! रथाचं पान आलं की क्लचकाका अस्वस्थ. "याला ब्रेक कुठाय? आरसा कुठाय? आणि लगाम हातात न धरता चाललाय बेटा!" तलवारींची दश्शी म्हणजे पाठीत दहा तलवारी खुपसलेला माणूस. ती पहिल्यांदा आली तेव्हा बाकीचे शहारले, पण मेट्रनबाई शांतपणे म्हणाल्या, "तसाच पालथा राहू द्या. एकही तलवार उपसू नका, रक्त जाईल." वन्संना राणी दिसायचीच नाही, राणीचा झगा दिसायचा. "घेर छान आहे, पण अस्तर लावलेलं नाही. चालताना पायात अडकणार बाई ही." वहिनी मात्र पान हातात घेऊन बराच वेळ बघत बसायच्या आणि एखादंच वाक्य बोलायच्या. बहुतेक वेळा ते बरोबर असायचं.

सुरुवातीला सगळ्यांना भविष्य सांगायचा जोर आला होता. क्लचकाकांच्या एका विद्यार्थ्यासाठी सूर्याचं पान निघालं, चौघांनी मिळून तो पास होणार म्हणून जाहीर केलं, आणि गड्यानं परीक्षकांसकट गाडी कुंपणात घातली. त्या दिवसापासून उद्याचं बोलणं बंद झालं. आज मनात काय आहे, तेवढंच बोलायचं ठरलं. मला हायसं वाटलं, कारण कुंपणाचा आळ माझ्यावर आला होता.

अभ्यास वाढला तसा गृहपाठही आला. मी दुकानातल्या खणात, बटणांच्या डब्यांखाली राहायचो, म्हणून मेट्रनबाईंनी आणि क्लचकाकांनी त्याच स्टेशनरीच्या दुकानातून माझ्यासारखेच दोन कॅट घरी सरावाला आणले. तीच चित्रं, त्याच चांदण्या. वहिनी आणि वन्सं एका घरात, त्यांना मीच पुरायचो.

अजून एक पद्धत मेट्रनबाईंनी काढली होती. ती कुठल्याही पुस्तकात नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिनंच घातला. किरकोळ प्रश्नासाठी मला तिथल्या तिथे पिसायचं. पण मोठा प्रश्न असेल, तर तो मुरला पाहिजे. ज्याचा प्रश्न त्यानं बुधवारी मला मनसोक्त पिसायचं, कापडात गुंडाळून खणात ठेवायचं आणि आठवडाभर कुणी हात लावायचा नाही. पुढच्या बुधवारी न पिसता, न काटता, वरची तीन पानं उलटायची. मेट्रनबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला असंच झालं होतं आणि क्लचकाकांची जुनी गाडी विकायची होती तेव्हाही. खणाला कुलूप नव्हतं. चार सभ्य माणसांत कुलूप कशाला लागतंय?

तिसऱ्या वर्षी वन्संचा प्रश्न आला.

झालं असं की, गावात एक नाटक कंपनी आली होती. त्यांच्या बावीस शिपायांचे कोट प्रवासात भिजून फाटले होते आणि चार दिवसांत खेळ. वन्संनी ते बावीस कोट असे काही उभे केले, की कंपनीचे कपडेपट सांभाळणारे आजोबा दुकानात येऊन बसलेच. म्हणाले, "माझे डोळे आता साथ देत नाहीत. बाई, तुम्ही चला आमच्याबरोबर. कपडेपट तुमच्या ताब्यात. वर्षातले आठ महिने फिरती, चार महिने घरी. पुढच्या गुरुवारी आम्ही मुक्काम हलवतोय, तोवर सांगा."

वन्सं त्रेपन्न वर्षांच्या होत्या. या घराबाहेर सलग दोन रात्रींपेक्षा जास्त त्या कधी राहिल्या नव्हत्या. आजोबांना त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बुधवारी टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "माझा प्रश्न आहे. जाऊ का राहू?"

क्लचकाकांचा बिस्किटाचा तुकडा चहात पडला तो तसाच राहिला.

वन्संनी मला पिसलं. तीन वर्षं ते हात माझ्या ओळखीचे होते, सुईच्या टोचण्यांनी खरखरीत झालेले, सावकाश. त्या दिवशी ते भरभर चालत होते. त्या हातांना जायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण मधेच ते थांबायचे, आणि थांबले की वन्सं वहिनींकडे बघायच्या. मग पुन्हा पिसणं. शेवटी त्यांनी मला कापडात गुंडाळलं आणि खणात ठेवलं.

आता खरी गंमत ऐका. तीन वर्षांत ज्यांनी कधी एक पान लबाडीनं फिरवलं नाही, त्या माणसांनी त्या एका आठवड्यात मला तीनदा उघडलं.

पहिल्या आल्या वहिनी. दुसऱ्याच दिवशी, दुकान बंद करायच्या आधी. वन्सं कोट पोचवायला गेल्या होत्या. वहिनींनी मला बाहेर काढलं, एकेक पान बघत गेल्या, मधलं एक शोधून काढलं आणि हातात धरून उभ्या राहिल्या. इतका वेळ, की इस्त्री तापून दिवा विझला. दोनदा त्यांनी ते पान परत मध्ये सरकवलं आणि दोनदा बाहेर काढलं. शेवटी ते सगळ्यांत वर ठेवून मला गुंडाळलं. ते कुठलं पान, हे आत्ता विचारू नका, त्याच्या वेळी सांगेन.

शुक्रवारी क्लचकाका पँटची उंची कमी करायला आले. वहिनी आत माप लिहीत होत्या. काकांनी खण उघडला, खिशातून आपल्या घरच्या कॅटातलं एक पान काढलं आणि घाईघाईनं माझ्या डोक्यावर ठेवलं. पान होतं प्याल्यांची तिर्री. तीन बायका गोल करून नाचतायत, तिघींच्या हातांत उंचावलेले प्याले. पुस्तकातला अर्थ, मैत्री, मंडळी, एकत्र आनंद. गाडीतल्या सुगंधी कागदाचा वास घेऊन ते पान माझ्यावर आडवं झालं.

सोमवारी मेट्रनबाई. त्या चोरी करतानाही हात धुऊन आल्या होत्या. त्यांनी पदराआडून एक पान काढलं आणि खाली न बघता वर सरकवलं. पुन्हा प्याल्यांची तिर्री! आता माझ्यात तीन तिर्र्या झाल्या, एक माझी स्वतःची कुठेतरी मध्ये आणि दोन पाहुण्या डोक्यावर. मला हसू फुटत होतं, पण पत्त्यांना हसता येत नाही.

बुधवार उजाडला. तीन वाजले. त्या दिवशी क्लचकाकांनी केक आणला होता आणि मेट्रनबाईंनीही केक आणला होता. दोघंही फार गोड बोलत होती.

वन्संनी कापड सोडलं आणि वरच्या पानावर बोट ठेवलं. त्यांचं बोट क्षणभर अडखळलं. ज्या बाईला अंधारात दोन अस्तरांतला फरक कळतो, तिला नवं पान आणि जुनं पान कळणार नाही? पण त्यांनी तसंच पान उलटलं.

"तिर्री!" क्लचकाका उठून उभेच राहिले. "प्याल्यांची! बघा, बघा, मंडळी एकत्र नाचतायत. या मेट्रनबाई, या वहिनी, या वन्सं. मी चित्रात दिसत नाही, पण मी प्याले भरायला गेलो असेन. स्पष्टच सांगतंय पान. मंडळी सोडून जायचं नाही!"

"मी काही बोलत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या, "पण चित्रात दिसतंय ते दिसतंय."

वन्संनी दुसरं पान उलटलं.

पुन्हा तिर्री.

दोन्ही तिर्र्या शेजारीशेजारी पडल्या होत्या. सहा बायका, सहा प्याले. क्लचकाकांचं तोंड उघडं ते उघडंच. मेट्रनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मेट्रनबाईंकडे पाहिलं, आणि दोघंही कानापर्यंत लाल झाली.

"कॅटात प्याल्यांच्या तिर्र्या किती असतात हो?" वन्संनी शांतपणे विचारलं.

"छपाईची चूक असेल," क्लचकाका म्हणाले. "हल्ली छापखानेवाले काय वाट्टेल ते करतात."

वन्संनी पहिली तिर्री नाकाशी नेली. "हिला जंतुनाशकाचा वास येतोय." मग दुसरी. "आणि हिला तुमच्या गाडीतला, काका."

मेट्रनबाईंनी पर्स बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. "पस्तीस वर्षांत एका पेशंटचं खोटं टेंपरेचर लिहिलं नाही मी," त्या म्हणाल्या. "वरची माझी आहे. मला तुम्ही जायला नको आहात, वन्सं. रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने मी घरात नुसती घड्याळाकडे बघत बसायचे. हा बुधवार आहे म्हणून माझा आठवडा आहे. झालं समाधान?"

"माझंही तेच," क्लचकाका पुटपुटले. "म्हणजे घड्याळाचं नव्हे, बाकीचं."

वन्सं हसायला लागल्या. आधी नुसत्या ओठांत, मग खो-खो. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाल्या, "काय माणसं आहात रे तुम्ही! थांबा, तिसरं बघू. आता तिसरीही तिर्रीच निघते की काय."

तिसरं पान जुनं होतं, माझं स्वतःचं. वन्संनी ते उलटलं. मूर्खाचं पान. नावावर जाऊ नका. चित्रात एक माणूस खांद्यावर गाठोडं टाकून निघालाय, तोंड आभाळाकडे, पायाशी कुत्रं उड्या मारतंय. नव्या वाटेला लागणाऱ्याचं ते पान.

वन्सं ते खाली ठेवणार, तेवढ्यात त्यांना कडेवर काहीतरी दिसलं. अंगठ्याचा निळा ठसा. खडूचा.

"वहिनी," त्या म्हणाल्या. हसणं कुठल्या कुठे गेलं होतं. "तू?"

"माझ्याकडे काय बघताय? चहा गार होतोय," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, तूच मला जा म्हणतेस?"

वहिनींनी गळ्यातला टेप काढला आणि बोटांभोवती गुंडाळायला लागल्या. "मी कोण जा म्हणणारी? तुम्ही मनानं कधीच गेलायत, वन्सं. परवा त्या मास्तरांच्या कोटाला सगळी काजं उजवीकडे केलीत. बायकांच्या बाजूला! बावीस वर्षांत कधी झालंय असं? मी गुपचूप पुढचे भाग नव्यानं कापले आणि काजं डावीकडे केली. तीन बोटं टोचून घेतली, बघा."

कुणी बघितलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, दिसणार काय?

"मला वाईट वाटणारच," वहिनी पुढे म्हणाल्या. "खूप वाटणार. सकाळी दोन कप चहा करायची सवय आहे, एक करायला शिकावं लागेल. पण ते माझं मी बघीन. ते तुमच्या पायात यायला नको. आणि पानांना कशाला विचारता? तुम्हाला काय हवंय ते एकदा तोंडानं बोला की."

वन्संनी मूर्खाचं पान टेबलावर ठेवलं.

"मला जायचंय," वन्सं म्हणाल्या. आणि मग मोठ्यानं, जणू गिऱ्हाइकाला कोट तयार आहे म्हणून सांगावं तसं, "मला जायचंय, वहिनी!"

मग वहिनी रडल्या, वन्सं रडल्या, मेट्रनबाईंनी दोघींची नाडी बघितली आणि क्लचकाकांनी दोन्ही केक एकदमच कापले.

गुरुवारी सकाळी कंपनीची गाडी दारात आली, तेव्हा मेट्रनबाईंनी मला वन्संच्या हातात ठेवलं. "दुकानात नवा कॅट घेऊ. हा तुमचे हात ओळखतो," त्या म्हणाल्या. मला एवढा मान यापूर्वी कुणी दिला नव्हता. वन्संनी दोन्ही पाहुण्या तिर्र्या काढून ज्याच्या त्याला द्यायला सुरुवात केली, पण कुणी घेईना. क्लचकाकांनी हात पाठीमागे बांधले. मेट्रनबाई म्हणाल्या, "एकदा टोचलेलं इंजेक्शन परत घेत नाहीत." त्या दोघांच्या घरचे कॅट आता सत्त्याहत्तरचे आहेत आणि मी ऐंशीचा.

सध्या माझा मुक्काम कपडेपटाच्या ट्रंकेत, राजाच्या झग्याच्या खिशात. दीड वर्षात चाळीस गावं पाहिली. नटमंडळी मेकअपला बसली की वन्संना म्हणतात, "एक पान काढा ना." वन्सं आधी अंगातल्या कपड्याचं बटण बघतात, मग चित्र बघायला लावतात. बटण तुटलेलं असलं तर पान मिळत नाही. माझ्या पाठीवरच्या चांदण्या झिजल्या आहेत, कोपरे मऊ पडले आहेत, एका विदूषकानं सूर्यावर चहा सांडलाय. पण मजेत आहे. बुधवारही चालू आहेत. तीन वाजता वन्संचा फोन स्पीकरवर असतो, तिकडे ते तिघं आणि नवा कॅट, इकडे आम्ही दोघं.

मागच्या बुधवारची गोष्ट सांगून थांबतो. फोनवर बरीच गडबड झाली, क्लचकाका दोनदा ओरडले आणि मग वहिनींचा आवाज आला. "वन्सं, माझा एक प्रश्न होता. तुमच्या त्या पानांना विचारा. पुढच्या महिन्यात आमच्याकडे कुणी पाहुणं येईल का?"

वन्सं ट्रंकेवर बसल्या होत्या. त्यांनी मला हातात घेतलं, एक पान उलटून मांडीवर टाकलं आणि त्याच्याकडे ढुंकूनही न बघता म्हणाल्या, "येईल म्हणतंय. सोळा तारखेला, सकाळच्या गाडीनं. तीन आठवडे राहील."

पलीकडे मशीन चालू होतं ते थांबलं.

"असं पान म्हणतंय?" वहिनींनी विचारलं. "कुठलं आलंय?"

वन्संनी तेव्हा कुठे खाली पाहिलं. नाण्यांची चव्वी आली होती. एक माणूस नाणी उराशी कवटाळून बसलाय, आजूबाजूला गाडी नाही, पाहुणं नाही, सोळा तारीख तर नाहीच नाही.

"चांगलं आलंय," वन्सं म्हणाल्या.

म्हणून मंडळी, तुम्हाला एवढीच विनंती. मला खुशाल पिसा, मांडा, माझ्यावर चहा सांडलात तरी चालेल. पण समोरचं माणूस विचारत असताना जरा त्याच्याकडे बघत जा, माझ्याकडे मागाहून बघितलंत तरी चालतं. चला, पडदा उघडायची वेळ झाली, राजाला झगा हवाय. सोळा तारखेला आम्हाला गाडी पकडायची आहे.